नीतिशास्त्र शिकायला लागताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात नीतिशास्त्राच्या प्राथमिक वर्गाला साधारण तीन तऱ्हेची माणसं येतात. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेले विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली, आणि नोकरीतून मोकळे झाल्यावर राहून गेलेला विषय हाती घेणारे ज्येष्ठ. प्रश्न मात्र बरेचसे सारखेच असतात. वर्गात मी जी उत्तरं देते तीच इथे लिहिली आहेत. जिथे माझं स्वतःचं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच घ्यावं.

नीतिशास्त्र म्हणजे संस्कारवर्गच ना?

नाही. खोटं बोलू नये, मोठ्यांचा मान राखावा, ताटात अन्न टाकू नये, हे संस्कार सांगतात. नीतिशास्त्र तिथे 'का?' विचारतं आणि मिळालेलं कारण टिकतं का ते तपासतं. मोठ्यांचा मान राखायचा तो केवळ ते वयाने मोठे म्हणून असेल, तर घरातला मोठा माणूस सुनेला छळत असताना गप्प बसायचं का? हा प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. विषय खरा इथूनच सुरू होतो.

'चांगलं' आणि 'योग्य' यांत फरक काय? दोन्ही एकच वाटतात.

इथे घाई करू नका. पुढचा निम्मा गोंधळ हा फरक निसटल्यामुळे होतो.

'चांगलं काय' हा मूल्याचा प्रश्न आहे : आयुष्यात कशाला किंमत आहे, जगात काय असायला हवं. 'योग्य काय' हा कृतीचा प्रश्न आहे : मी काय करावं, काय करू नये. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आपल्याकडे चौकाचौकात पाणपोया लागतात. ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेले माठ, वर हिरवी जाळी, साखळीने बांधलेला पेला. भर दुपारी रिक्षावाल्याला तिथे गार पाणी मिळतं, हे चांगलंच आहे. पाणपोई कोणी घातली, नाव कमवायला घातली की कळवळ्याने, याने पाण्याचा गारवा कमी होत नाही. पण घालणाऱ्याने त्यासाठी शेजारच्या वस्तीची नळाची लाइन परस्पर वळवली असेल तर? निष्पन्न चांगलं, कृती अयोग्य. उलटही घडतं. डॉक्टरांनी सगळं नीट केलं आणि तरी रुग्ण दगावला, तर कृती योग्य होती, निष्पन्न वाईट.

मूल्याचेही दोन प्रकार आहेत. पैसा हवा तो घरासाठी, घर हवं ते निवाऱ्यासाठी, असं 'कशासाठी' विचारत गेलो की कुठेतरी थांबावंच लागतं. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिग्रंथाच्या सुरुवातीलाच हा मुद्दा मांडला : सगळंच दुसऱ्या कशासाठी असेल, तर हवेपणाला तळच राहणार नाही. वाटेतल्या पायऱ्यांना साधनमूल्य म्हणतात आणि शेवटी जे स्वतःसाठीच हवं असतं त्याला स्वतोमूल्य.

शेवटी सगळे सुखासाठीच धडपडतात. मग सुख हेच अंतिम मूल्य म्हणायला काय हरकत आहे?

हे मत सुखवाद म्हणून ओळखलं जातं आणि ते हलकं नाही. आपल्याकडे चार्वाकांच्या नावावर ते मांडलं जातं, पण चार्वाकांविषयी आपल्याला जे माहीत आहे ते बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून आलेलं आहे, हे लक्षात ठेवून त्यांना न्याय द्यावा. इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथॅमने (१७४८–१८३२) सुख मोजायच्या सात कसोट्या सांगितल्या : तीव्रता, कालावधी, खात्री, ते किती लवकर मिळेल, त्यातून आणखी सुख उपजेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि ते किती जणांपर्यंत पोचेल. त्याच्या पुढच्या पिढीतल्या जॉन स्टुअर्ट मिलला एवढं पुरेसं वाटलं नाही. सुखांत दर्जाचाही फरक असतो, असं त्याने म्हटलं. पण दर्जा ठरवायला सुखाखेरीज दुसरी कसोटी लागत असेल, तर सुख एकटंच अंतिम कसं राहिलं, असा पेच त्याच्या टीकाकारांनी टाकला, आणि तो मला रास्त वाटतो.

सुखवादावरचा सगळ्यात बोलका आक्षेप अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९७४ साली घेतला. समजा, असं एक यंत्र आहे की त्याला जोडून घेतलं की हवे ते सगळे अनुभव मिळतात. कलेक्टर झालात, शेती फळली, मुलं नावारूपाला आली, असं सगळं जाणवेल, पण प्रत्यक्षात तुम्ही एका खोलीत पडून असाल. आयुष्यभरासाठी जोडून घ्याल? वर्गात बहुतेक जण 'नको' म्हणतात. मग नुसता सुखद अनुभव पुरत नाही, प्रत्यक्षात काही घडणंही आपल्याला मोलाचं वाटतं, असं दिसतं. यावर सुखवाद्यांचंही उत्तर आहे : तुम्ही 'नको' म्हणता ते सवयीच्या जगाला चिकटून राहण्याच्या ओढीमुळे, त्यावरून मूल्य ठरत नाही. वाद संपलेला नाही.

सुखाऐवजी 'इच्छा पूर्ण होणं' हे अंतिम मूल्य मानणारेही आहेत. त्यांच्यापुढची अडचण अमर्त्य सेन यांनी अनेक ठिकाणी दाखवली आहे. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या शेवटी जेवणारी बाई 'मला फारशी भूकच नसते' म्हणते तेव्हा तिची इच्छा पूर्ण झाली म्हणायचं, की तिने इच्छाच परिस्थितीच्या मापाची कापून घेतली म्हणायचं? या एका प्रश्नामुळे पुष्कळ जण तिसऱ्या मताकडे वळतात : आरोग्य, ज्ञान, मैत्री, स्वातंत्र्य अशा काही गोष्टी मागितल्या नाहीत तरी मोलाच्याच असतात. मग ही यादी कोणी करायची, हे भांडण तिथे सुरू होतं.

उपयुक्ततावाद म्हणजे बहुमताचं राज्य का?

असं समजणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. उपयुक्ततावाद सांगतो की ज्या कृतीने सगळ्या संबंधितांचं मिळून जास्तीत जास्त भलं होईल ती योग्य. यात प्रत्येकाला सारखंच मोजायचं असतं. राजाचं दुःख आणि झाडूवाल्याचं दुःख एकाच मापाचं. बेंथॅमने तर जनावरांनाही हिशेबात घेतलं, कारण त्यांनाही वेदना होतात. १७८९ सालच्या युरोपात हे बोलणं फार मोठं होतं. शिवाय थोड्यांचं दुःख अतितीव्र असेल तर ते पुष्कळांच्या किरकोळ सुखापेक्षा जड भरू शकतं, म्हणून इथे नुसती डोकी मोजून चालत नाही.

अडचण वेगळीच आहे. बेरीज करताना कोणाच्या वाट्याला काय आलं हे दिसेनासं होतं. विदर्भातल्या वाचकाला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. भंडारा, नागपूर, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या शेतीला पाणी, हा त्याचा हेतू, आणि त्याची किंमत कमी लेखू नये. कोरडवाहू शेतकऱ्याला पाण्याची पाळी म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. पण पवनी आणि कुही भागातली गावं त्या पाण्याखाली गेली. घर, बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं, देऊळ, नदीकाठची मळई गमावणाऱ्याला 'एकूण बेरीज फायद्याची आहे' हे उत्तर कसं पुरेल? फायदा त्याच्या पदरात पडलेला नाही. तो दुसऱ्याच्या पदरात पडलाय.

उपयुक्ततावादी म्हणेल, भरपाई नीट द्या, पुनर्वसन आधी करा, विश्वास मोडण्याचे दूरगामी परिणामही मोजा, मग हिशेब सुधारेल. ते खरं आहे. तरीही माझ्या मते एक गोष्ट उरते : विस्थापिताला भरपाई द्यायची ती एकूण सुख वाढतं म्हणून नव्हे, ती त्याची आहे म्हणून. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ साली नेमकं यावरच बोट ठेवलं. माणसं वेगवेगळी आहेत, हेच उपयुक्ततावाद विसरतो, असं त्याचं म्हणणं. त्याने सुचवलेली कसोटी अशी : समाजाचे नियम ठरवताना आपण कोण असणार हे आपल्याला माहीत नाही असं समजा, बागायतदार की बुडित क्षेत्रातला भूमिहीन. आता नियम ठरवा.

कांट नेमकं काय म्हणतो? पुस्तकात वाचून डोक्यावरून जातं.

कांट हा अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ. त्याच्याच एका उदाहरणापासून सुरू करू. १७८५ साली त्याने एका दुकानदाराची गोष्ट मांडली, जो अजाण गिऱ्हाइकालाही वाजवी भावच लावतो. ती नागपुरात आणू. स्टेशनजवळ एक जण संत्री विकतोय. टोपलीत वर मोठी, घट्ट सालीची, चकचकीत फळं. खालच्या थरात बारकी आणि थोडी मऊ पडलेलीही आहेत. रोजचं गिऱ्हाईक असेल तर तो खालची फळं भरणार नाही, कारण उद्या ते परत येणार नाही. हा झाला व्यवहार. पण समोर उभा आहे तो गाडी सुटायच्या घाईतला परगावचा माणूस. पुन्हा कधी दिसणार नाही, तक्रार करणार नाही, पिशवी उघडेल तेव्हा इटारसी आलेली असेल. विक्रेता तरीही प्रत्येक फळ हाताने दाबून चांगलंच भरतो, कारण दुसऱ्याला फसवणं त्याला गैर वाटतं. कांट म्हणतो, नैतिक मोल या दुसऱ्या भरण्याला. पहिल्यात वागणूक बरोबर आहे, पण ती फायद्यावर टांगलेली आहे.

मग गैर काय हे ओळखायचं कसं? कांटची पहिली कसोटी : तुम्ही ज्या सूत्राने वागताय ते सगळ्यांनी पाळावं असं तुम्ही म्हणू शकाल का? परत करायचे नाहीत हे माहीत असूनही 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणून उसने घेणारा माणूस इथे अडकतो. सगळेच असं वागले तर वचनावर कोणी पैसेच देणार नाही, आणि त्याची युक्तीही चालणार नाही. म्हणजे इतरांनी वचन पाळावं यावर विसंबून तो स्वतःला सूट घेतोय. दुसरी कसोटी मला अधिक जवळची वाटते : कोणत्याही माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःही साध्य आहे हे धरून वागा. 'नुसतं' हा शब्द गाळू नका. आपण रिक्षावाल्याची सेवा घेतोच. पण ती त्याला माहीत असलेल्या, त्याने मान्य केलेल्या अटींवर घेतो.

कांटची कमजोर बाजूही सांगते. मारेकरी दारात येऊन 'तो कुठे लपलाय' विचारतो, तेव्हाही खोटं बोलू नये, असं त्याने १७९७ सालच्या लेखात लिहिलं. महाभारताने हा प्रश्न फार आधी हाताळला. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. नेहमी खरंच बोलायचं व्रत घेतलेला हा तपस्वी, दरोडेखोरांनी विचारल्यावर जीव वाचवायला पळालेली माणसं कुठे लपलीत ते सांगून टाकतो. माणसं मारली जातात आणि सत्यवचनी कौशिक नरकात जातो. इथे मी महाभारताच्या बाजूने आहे.

आजीला कॅन्सर आहे. घरचे म्हणतात सांगायचं नाही. हे बरोबर आहे का?

हा प्रश्न कोणा एका घरचा नाही. गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ, बालाघाटकडून माणसं उपचारासाठी नागपुरात येतात, आणि थोड्याफार फरकाने ही हकिगत मी अनेकांकडून ऐकली आहे. बाकावर आजी बसलेली, मांडीवर डब्याची पिशवी. रिपोर्टची फाइल मुलाच्या काखेत. तो डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून हळूच म्हणतो, "आईला सांगू नका साहेब, हाय खाईल ते." इकडे आजी नातीला विचारते, "काय म्हणे वो डॉक्टर?" नात म्हणते, "काही नाही आजी, गाठ आहे साधी." आणि मग ती नात वर्गात येऊन विचारते, मी चुकले का.

इथे सिद्धांत कामाला येतात, पण प्रत्येक जण वेगळी गोष्ट दाखवतो. परिणाम बघणारा आधी माहिती मागेल. सांगितलं तर ती खरंच खचेल का, की ही भीती मुलाची आहे? केमोथेरपीत केस गळायला लागल्यावर 'साधी गाठ' किती दिवस टिकेल? उघड झाल्यावर घरच्यांवरचा तिचा विश्वास उरेल का? शेताच्या वाटण्या करायच्या, बहिणीला भेटायचं, पंढरपूरला जाऊन यायचं, हे सगळं करायला तिच्याकडे किती वेळ आहे हे तिलाच माहीत नसेल, तर तिचं नुकसान नाही का?

कांटच्या वाटेने जाणारा म्हणेल, आयुष्य तिचं, शरीर तिचं, आणि निर्णय बाकी सगळे घेताहेत. माया कितीही खरी असली तरी तिला बाजूला ठेवलं गेलंय.

ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉसने १९३० साली मांडलेला विचार अशा वेळी मला सगळ्यात कामाचा वाटतो. आपल्यावर एकाच वेळी अनेक कर्तव्यं असतात : शब्द पाळणं, झालेली चूक भरून काढणं, उपकार स्मरणं, न्याय, दुसऱ्याचं भलं करणं, इजा न करणं, स्वतःला घडवणं. यातलं कोणतं नेहमी वरचढ, असा पक्का क्रम नाही. प्रसंगी जे जड भरेल ते करायचं. पण हरलेलं कर्तव्य पुसलं जात नाही, त्याचं काही देणं उरतं. गप्प राहणं अगदीच भाग पडलं, तरी खरेपणाचं देणं शिल्लक आहे, ते पुढे कधीतरी फेडायचं आहे.

आणि आता कौशिकाबद्दल. आजीपासून लपवण्याच्या बाजूने ही गोष्ट हमखास पुढे केली जाते : बघा, सत्याने जीव जातो, म्हणून महाभारतातही खोट्याला परवानगी आहे. हा दाखला इथे लागू पडत नाही. दरोडेखोरांना त्या माहितीवर कसलाच हक्क नव्हता. ती त्यांना मारण्यासाठी हवी होती. आजीच्या आजाराच्या माहितीवर पहिला हक्क आजीचा आहे, आणि ती तिला जगण्यासाठी हवी आहे. दोन प्रसंगांत फक्त 'खोटं' हा शब्द सामाईक आहे.

माझं मत : सगळं एका दमात तोंडावर सांगणं हा सत्याचा एकच मार्ग नाही. आधी तिलाच विचारावं, 'तुझ्या आजाराचं तुला किती जाणून घ्यायचंय? की सगळं आम्ही बघावं?' काही आजी खरंच म्हणतात, तुम्हीच बघा रे बापा. तोही तिचाच निर्णय, त्याचा मान ठेवावा. पण ती डोळ्यांत बघून सरळ विचारते तेव्हा खोटं बोलू नये. नातीला मी हेच सांगते, आणि हेही सांगते की घाबरून दिलेलं एक उत्तर दुसऱ्या दिवशी जवळ बसून दुरुस्त करता येतं.

सद्गुणांचं नीतिशास्त्र यात कुठे बसतं?

वरच्या प्रसंगात कधी सांगायचं, कोणी सांगायचं, कोणत्या शब्दांत, हे कोणताही नियम सांगत नाही. ते कळायला माणूस तसा घडलेला लागतो. ॲरिस्टॉटलचा भर इथे आहे : काय करावं याच्या आधी, कसं माणूस व्हावं. धैर्य हा भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्यामधला मध्य. उदारपणा हा कंजूषपणा आणि उधळेपणा यांच्यामधला. हा मध्य म्हणजे निम्मानिम्मा नव्हे. अन्याय बघून राग येणं, योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य इतकाच येणं, हा मध्य आहे, आणि कधीकधी तो राग पुष्कळ असावा लागतो. हे सगळं सवयीने अंगी बाणतं, असं तो म्हणतो.

विसाव्या शतकात या विचाराला पुन्हा उजाळा मिळाला तो ब्रिटिश तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्सकम यांच्या १९५८ सालच्या लेखापासून.

बाबासाहेबांच्या विचारात नीतिशास्त्र कुठे आहे? दीक्षाभूमीवर जातो, पण हा धागा कोणी सांगत नाही.

अगदी मध्यभागी आहे. पाठ्यपुस्तकांत तो बाजूला राहतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेलं, परिषदच रद्द झाल्यामुळे न झालेलं आणि बाबासाहेबांनी स्वतः छापलेलं जातिनिर्मूलनावरचं भाषण घ्या. त्यात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम काय करायचं ते ठरवून देतो, पाककृतीत द्यावं तसं. तत्त्व तुम्हाला प्रसंग तपासायची दृष्टी देतं, पण निर्णय तुमच्यावर सोडतं. म्हणून नियम पाळणारा यंत्रवत वागू शकतो. तत्त्वाने वागणाऱ्याला मात्र आपल्या कृतीची जबाबदारी घ्यावी लागते. तत्त्व चुकीचंही असू शकेल, पण कृती जाणीवपूर्वक आणि जबाबदार असते. धर्माच्या नावाने चाललेला विधिनिषेधांचा ढीग हा नियमांचा आहे, तत्त्वांचा नाही, हा त्यांचा हल्ला होता. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे शिक्षक असलेले जॉन ड्यूई यांच्या विचारात हा भेद आहे. बाबासाहेबांनी तो जातीच्या प्रश्नाला भिडवला आणि त्याला धार आली.

रोजचं उदाहरण हवं असेल तर रात्री दोनला रहाटे कॉलनी चौकात लाल दिव्याला उभे राहा. 'लाल दिव्याला थांबा' हा नियम. 'माझ्या घाईसाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालू नये' हे तत्त्व. मागून ॲम्ब्युलन्स आली तर नियम म्हणतो थांब, तत्त्व म्हणतं बघून सरक. आणि 'रस्ता रिकामा आहे' म्हणून सुसाट निघणाऱ्याला तेच तत्त्व विचारतं, अंधारातून सायकलवाला येत नाही याची खात्री केलीस का? तत्त्व म्हणजे सूट असा समज करून घेऊ नये. पुष्कळदा ते नियमापेक्षा कडक असतं.

पुढचा धागा त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि धम्म या विषयावरच्या ग्रंथात आहे. धम्मात नीतीला देवाचं स्थान आहे, हे त्याचं सार. पण नुसती नीती पुरत नाही, असंही ते बजावतात. चोरांच्या टोळीतही आपसांत नीती असते, व्यापाऱ्यांत असते, जातीतही असते. जातीतल्या जातीत माणसं एकमेकांना सांभाळतात, आणि तीच नीती बाहेरच्याला दाराबाहेर ठेवते. म्हणून नीती सर्वांसाठी एक असली पाहिजे.

'मग १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा हे नियमच नव्हेत का?' हा प्रश्न हुशार विद्यार्थी हटकून विचारतात. माझं उत्तर असं : जन्माने गळ्यात पडलेला नियम आणि कारण समजून, उभं राहून, स्वतःच्या तोंडाने घेतलेली प्रतिज्ञा यांत जबाबदारीचा फरक आहे. शिवाय सर्व माणसं समान आहेत असं मानणं आणि समता प्रस्थापित करण्याचा प्रयत्न करणं या प्रतिज्ञा स्वतःच तत्त्वं आहेत. त्या पाळायच्या कशा, हे रोज नव्याने ठरवावं लागतं. अहिंसेबद्दलही बाबासाहेबांनी हेच लिहिलं, की बुद्धाने ती तत्त्व म्हणून सांगितली, नियम म्हणून नव्हे.

ज्याची त्याची नीती वेगळी असते. मग कोणाला चूक म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

नीतिकल्पना वेगवेगळ्या आहेत, हे वर्णन झालं. त्या सगळ्या सारख्याच बरोबर आहेत, हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही. डेव्हिड ह्यूमने १७४० च्या सुमारास हीच फट दाखवली : 'असं आहे' यावरून 'असं असावं' हे मध्ये आणखी काही घातल्याशिवाय येत नाही. आणि 'ज्याची त्याची नीती त्याच्यापुरती बरोबर' हे मत, म्हणजे सापेक्षतावाद, खरं धरलं तर अस्पृश्यतेविरुद्ध उभा राहिलेला पहिला माणूस त्याच्या समाजाच्या नीतीप्रमाणे चूकच ठरतो, मग सुधारणा हा शब्दच निरर्थक होतो. हे मान्य करायला मी तयार नाही. दुसऱ्याच्या चालीरीती समजून न घेता नाकं मुरडू नयेत, एवढा नम्रपणा मात्र सापेक्षतावादाकडून जरूर घ्यावा.

देव मानला नाही तर नीतीला आधार काय?

प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो त्याचा आशय असा : देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? पहिलं म्हणाल तर देवाला उद्या क्रौर्य आवडलं तर तेही पवित्र ठरेल. दुसरं म्हणाल तर चांगुलपणाचं कारण देवाच्या आवडीपलीकडे कुठेतरी आहे, आणि ते आस्तिक-नास्तिक दोघांनाही शोधता येईल. नागपुरात या विषयावर मोकळेपणी लिहिण्याची परंपराही आहे, दि. य. देशपांडे यांनी १९९० साली इथूनच सुरू केलेलं, पुढे 'आजचा सुधारक' नावाने चाललेलं मासिक विवेकवादी विचारासाठी ओळखलं गेलं.

गीतेतला निष्काम कर्मयोग आणि कांट एकच का?

एकच नाही, शेजारी आहेत. फळावर डोळा ठेवून केलेल्या कर्माला दोघेही कमी लेखतात. पण कांट विचारतो, हे सूत्र सगळ्यांना लागू करता येईल का; गीता स्वधर्माबद्दल बोलते, जो प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. शिवाय गीतेतली लोकसंग्रहाची, म्हणजे समाज धरून ठेवण्याची, भाषा परिणामांकडेही बघते. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त मिल, कांट आणि इंग्रज तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन यांच्याशी गीतेची तुलना केली आहे. निष्कर्ष पटोत न पटोत, मराठीत नीतिशास्त्राची भाषा घडवणारं ते काम आहे.

ट्रॉलीच्या कोड्याचा खऱ्या आयुष्यात उपयोग काय?

ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी ते १९६७ साली मांडलं. थांबवता न येणारी ट्रॉली, म्हणजे रुळांवरची गाडी, धावत येतेय. तिच्या वाटेत पाच माणसं, दुसऱ्या फाट्यावर एक. गाडी वळवायची का? पाच जणांना वाचवायला एकाला पुलावरून ढकलायचं का, ही पुढची जोड जुडिथ जार्व्हिस थॉमसन यांची. दोन्हीकडे एकाच्या बदल्यात पाच, तरी उत्तरं वेगळी येतात (वळवणं बहुतेकांना चालतं, ढकलणं नाही), कारण मारणं आणि मरू देणं, हेतू आणि अनुषंगाने होणारा परिणाम यांत आपण फरक करतो. तो फरक वेगळा काढून दाखवणं एवढंच या कोड्याचं काम आहे.

दूरच्या गरिबांना मदत केली नाही तर ते चूक आहे, की मदत करणं फक्त पुण्याचं?

१९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे भारतात आले. त्या काळात पीटर सिंगर यांनी लिहिलेला आणि १९७२ साली प्रसिद्ध झालेला निबंध थेट या प्रश्नावर आहे. फुटाळा तलावाच्या काठावरून जाताना पाण्यात मूल गटांगळ्या खाताना दिसलं, तर कपडे खराब होतील म्हणून कोणी पुढे जाईल का? नाही. मग तेवढ्याच खर्चात हजार किलोमीटरवरचं मूल वाचत असेल, तर फक्त अंतरामुळे कर्तव्य कसं संपतं?

मला हा युक्तिवाद अजून खोडता आलेला नाही. त्यातून निघणारी मागणी मात्र फार मोठी आहे. थांबायचं कुठे, याचं उत्तर तो देत नाही. आणि दारिद्र्य हे अपघातासारखं नसतं, त्याला धोरणं आणि व्यवस्था जबाबदार असतात. तिथे एकट्याच्या देणगीइतकंच एकत्र येऊन मागणी करणंही कर्तव्य ठरतं.

यूपीएससीच्या पेपरला एवढं पुरेल का?

२०१३ पासून मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतीवर आहे, २५० गुणांचा. विचारवंतांची नावं पेरण्यापेक्षा केस स्टडीत कोणाचं काय पणाला लागलंय ते आधी ओळखा. नावं नंतर.

अशा विषयांवर घरी किंवा सोसायटीत बोलायला गेलं की भांडण होतं. चर्चा करायची कशी?

आधी वाद कशाबद्दल आहे ते वेगळं करा. मोकाट कुत्र्यांना खायला घालण्यावरून अनेक फ्लॅट स्कीममध्ये वाद पेटतात. त्यातला मोठा भाग वस्तुस्थितीचा असतो : खायला घातल्याने कुत्री वाढतात का, नसबंदी आणि लसीकरण झालंय का, चावे कोणत्या वेळी आणि कुठे होतात. याची उत्तरं महापालिकेकडून, पशुवैद्यकाकडून, वॉचमनकडून मिळू शकतात. आवाज चढवून मिळत नाहीत. ती हाती आल्यावर जो मतभेद उरतो तो मूल्यांचा. जनावराची भूक आणि लहान मुलाची भीती यांत किती अंतर धरायचं, खायला घालणाऱ्याने स्वच्छतेची आणि लसीकरणाची जबाबदारी घ्यावी का.

मग प्रत्येकाने आपलं कारण अशा माणसाला उद्देशून सांगावं, ज्याला त्या निर्णयाची झळ बसणार आहे. 'प्राण्यांवर दया करावी' हे वाक्य सभेत सोपं आहे. चावा बसलेल्या मुलाच्या आईकडे बघून ते कसं सांगाल, याचा विचार करा. 'कुत्री उचलून न्या' हेही सोपं. रोज संध्याकाळी भाकरी घेऊन खाली उतरणाऱ्या एकट्या आजोबांना ते सांगून बघा. एवढं केलं की सूर बदलतो आणि बोलणं खायला घालण्याची जागा, वेळ, लसीचा खर्च कोणी उचलायचा, असल्या ठरवता येण्याजोग्या गोष्टींवर येतं.